ग्रहण येतंय, घाबरू नका



2 ऑगस्ट 2027 ला, सोमवारी, दुपार कलल्यावर आपल्या जळगाव-धुळ्यात खंडग्रास सूर्यग्रहण दिसणार आहे. खग्रास ग्रहणाचा पट्टा दूरच्या मुलखातून जातो. इजिप्तमध्ये लक्सरजवळ 6 मिनिटं 23 सेकंद सूर्य पूर्ण झाकलेला असेल. आपल्याकडे त्याचा एक तुकडाच झाकला जाईल, तोही ढगांनी वाट दिली तर दिसेल. एवढ्याशा ग्रहणासाठी लिहायला बसलो, कारण मागच्या मोठ्या ग्रहणाला आपल्याच घरांत काय चाललं होतं ते मी पाहिलंय.

22 जुलै 2009 ची सकाळ. सुरत, इंदूर, भोपाळवरून खग्रासचा पट्टा गेला, म्हणजे खानदेशाच्या उत्तर अंगाला लागूनच. धुळ्यात आभाळ गच्च भरलेलं होतं. सहा वाजून गेल्यावर उजाडलेलं पुन्हा काळवंडलं आणि शेजारच्या अंगणातल्या कोंबड्या खुराड्याकडे वळल्या. आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या एका घरी गेलो, तर सातव्या महिन्यातली सून अंधाऱ्या खोलीत खाटेवर सरळ पडलेली. रात्रीपासून पोटात पाण्याचा थेंब नाही. सासू रविवारी उपासनेला पहिल्या बाकावर बसणारी. मी विचारलं, "मावशी, हे कुठल्या वचनात सांगितलंय?" त्या म्हणाल्या, "वचनात नाही हो, पण पोराचा ओठ फाटला तर?"

त्यांच्यावर मी रागावलो नाही. पोटातल्या लेकरासाठीची भीती होती ती. पण एवढं लक्षात घ्या, की बाळाचा ओठ गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांतच जुळून येतो. सातव्या महिन्यात त्याला ग्रहणही फाडू शकत नाही आणि ग्रहणात आईने चालवलेली विळीही. उपाशी-तहानलेल्या आईला चक्कर येते, तिच्या अंगातलं पाणी कमी होतं, आणि हा धोका मात्र खरा आहे. आकाशातल्या चिन्हांना राष्ट्रं भितात म्हणून तुम्ही भिऊ नका, हे यिर्मयाच्या दहाव्या अध्यायात आहे. बाप्तिस्मा घेतला, पण ग्रहणाचे वेध घरातून गेले नाहीत, असं आपलं झालंय.

दुसरी भीती आपण हल्ली नव्याने आणली आहे. ग्रहण जवळ आलं की मोबाइलवर निरोप फिरू लागतात, की सूर्य काळा होणार, शेवटचा काळ आला. पृथ्वीवर दर वर्षी किमान दोन सूर्यग्रहणं होतात. कधी, कुठे आणि किती वेळ, हे कित्येक वर्षं आधी सेकंदापर्यंत मांडता येतं. पंचांगात आधीच छापलेल्या गोष्टीवरून प्रभूच्या येण्याचा दिवस ठरवू नका. तो दिवस कोणालाच ठाऊक नाही, असं प्रभूनेच सांगून ठेवलंय.

उत्तम शुक्रवारचा अंधार म्हणजे ग्रहण होतं का, असं संडे स्कूलची मुलं विचारतात. नव्हतं. सूर्यग्रहण फक्त अमावस्येला होतं आणि प्रभू क्रुसावर गेला तो वल्हांडण सण येतो पौर्णिमेच्या सुमाराला. शिवाय खग्रास अवस्था साडेसात मिनिटांपलीकडे टिकत नाही आणि शुभवर्तमानात तीन तासांचा अंधार आहे. मुलांना हे असंच सरळ सांगा, त्यांचा विश्वास त्याने ढळत नाही.

आता सृष्टीच्या रचनेचं. सूर्य चंद्रापेक्षा सुमारे 400 पट मोठा आणि जवळपास तितक्याच पटीने दूर, म्हणून दोघं आभाळात सारखे दिसतात. ही देवाची योजना, हाच त्याचा पुरावा, असं व्यासपीठावरून ऐकायला मिळतं. जग देवाने घडवलं हे मीही मनापासून मानतो, पण या एका मापावर विश्वास टांगू नका. 26 डिसेंबर 2019 ला चंद्र लहान पडला आणि केरळ-तमिळनाडूत सूर्याची कड बांगडीसारखी उरली. चंद्र दर वर्षी सुमारे 3.8 सेंटीमीटर दूर सरकतो आहे. सुमारे साठ कोटी वर्षांनी खग्रास ग्रहण होणारच नाही. तेव्हा काय देव उणा होईल? मला निर्माणकर्त्याची खूण दिसते ती या गणितात, सूर्य-चंद्र नेम मोडत नाहीत यात.

असा विश्वास बाळगून दुर्बीण हाती घेणारी माणसं आपल्या रेल्वेच्या वाटेवर येऊन गेली आहेत. भुसावळहून नागपूरकडे जाताना धामणगाव आणि पुलगावच्या मध्ये तळणी नावाचं स्टेशन लागतं. 22 जानेवारी 1898 चं खग्रास ग्रहण पाहायला ग्रिनिच वेधशाळेचे वॉल्टर माँडर आणि त्यांच्या पत्नी अॅनी तिथे आले होते. अॅनीबाई आयर्लंडमधल्या एका पाळकाच्या कन्या. लग्न झालं म्हणून वेधशाळेतली नोकरी सोडावी लागलेली. दीड इंची भिंगाच्या कॅमेऱ्याने त्यांनी सूर्याच्या प्रभेतला लाखो मैल लांब झोत टिपला. तोवर इतका लांब झोत कोणी टिपला नव्हता. माँडरसाहेबांनी पुढे 1908 मध्ये बायबलमधल्या खगोलावर पुस्तक लिहिलं. सूर्यावरचे डाग मोजण्यात जन्म घालवलेला हा माणूस पवित्र शास्त्रही तितकंच मन लावून वाचत होता.

म्हणून 2 ऑगस्टला दारं लावून बसू नका. ग्रहणाचा प्रमाणित चष्मा आधीच आणून ठेवा. एक्सरेची फिल्म, काजळी धरलेली काच, परातीतलं पाणी यांतलं काहीही चालणार नाही, कारण डोळ्याचा पडदा भाजताना दुखत नाही. चष्मा नसेल तर सूर्याकडे पाठ करा आणि चाळणी उन्हात धरा. तिच्या भोकाभोकातून जमिनीवर सूर्याच्या कोरी उमटतील. कडुनिंबाच्या सावलीतही त्याच दिसतील. शेजारच्या मुलांनाही बोलवा, ती कुठल्याही धर्माची असोत.

आणि घरात गरोदर लेकसून असेल, तर त्या दिवशी तिला दुपारचं जेवण वेळेवर वाढा.