घरच्या संगणकाचा राखणदार

मुलांच्या अभ्यासासाठीं घरांत संगणक आला, कीं पालक आम्हांस एक प्रश्न हटकून विचारतात: "याच्या रक्षणासाठीं कोणतें अँटीव्हायरस विकत घ्यावें?" प्रश्न रास्त आहे, परंतु त्याच्या पोटांत एक चूक दडलेली असते. राखणदार विकत घेतला म्हणजे घर सुरक्षित झालें, अशी समजूत करून घेणें हीच ती चूक होय. तिच्यापायीं आमच्या स्वतःच्या घरीं जें घडलें, तें प्रथम सांगतों.

आमच्या घरच्या संगणकावर पैसे मोजून घेतलेलें, चांगल्यापैकीं अँटीव्हायरस होतें. आमच्या पुतण्यास एक खेळ हवा होता. पैसे मागावे तर नकार ठरलेला. तेव्हां त्यानें मित्राकडून त्या खेळाची 'क्रॅक' केलेली, म्हणजे कुलूप मोडून चोरवाटेनें फिरणारी, प्रत आणली. तिच्याबरोबर सूचना होती कीं, खेळ बसवितांना अँटीव्हायरस दहा मिनिटें बंद ठेवावें. मुलानें तें बंद केलें. दहा मिनिटांनीं पुन्हां सुरूही केलें. पण तोंवर आंत शिरलेल्या चोरानें राखणदाराचे हातपाय बांधून टाकले होते. तिसऱ्या दिवशीं सकाळीं एकही फाईल उघडेना आणि पडद्यावर खंडणीची मागणी झळकली. खंडणी आम्हीं दिली नाहीं. दिली असती तरी फायली परत मिळाल्याच असत्या, अशी हमी चोराच्या शब्दावर कोण घेणार? त्या फायलींत आमच्या मातोश्रींच्या पंचाहत्तरीच्या समारंभाचीं छायाचित्रें होतीं. तीं गेलीं तीं गेलींच.

आम्हांस अधिक बोंचलें तें निराळेंच. संगणक मंद झाला आहे, कांहींतरी बिघडलें आहे, असा संशय त्या मुलास पहिल्याच संध्याकाळीं आला होता. परंतु मार बसेल या धास्तीनें तो गप्प राहिला. तेव्हांच त्यानें सांगितलें असतें तर संगणक इंटरनेटपासून तोडून बरेंचसें वांचवितां आलें असतें. यांत दोष त्याच्या खेळाच्या हौसेचा किती आणि आमच्या रागाच्या लौकिकाचा किती, याचा हिशेब आम्ही अद्याप करीत आहों.

व्हायरस हा प्रकार कांहीं नवा नव्हे. १९८६ सालीं लाहोर येथील दोघां भावांनीं लिहिलेला 'ब्रेन' नांवाचा व्हायरस फ्लॉपीच्या तबकडीवरून गांवोगांव पोंचला होता. या इतिहासांत आपल्या पुण्यासही एक स्थान आहे. तेथें कैलास काटकर यांचें कॅल्क्युलेटर दुरुस्त करण्याचें दुकान होतें. पुढें व्हायरसनें बिघडलेले संगणक दुरुस्तीस येऊं लागले, तेव्हां त्यांचे बंधु संजय यांनीं त्यांवर उतारा म्हणून सॉफ्टवेअर लिहिलें, आणि त्यांतूनच 'क्विक हील' हा उद्योग उभा राहिला. विद्यार्थिमित्रांनीं ध्यानांत घ्यावें कीं, तो भांडवलाच्या राशीवर उभारलेला नसून एका दुरुस्तीच्या टेबलावर जन्मला.

असें सॉफ्टवेअर मुख्यतः दोन रीतींनीं काम करतें. पोलीस चौकींत अट्टल गुन्हेगारांचीं चित्रें लावलेलीं असतात, तशी ज्ञात व्हायरसांच्या खुणांची एक यादी त्याच्यापाशीं असते. येणारी प्रत्येक फाईल तें त्या यादीशीं ताडून पाहतें. परंतु नवा चोर यादींत नसतो. म्हणून एखादा प्रोग्राम काय उद्योग करीत आहे यावरही तें नजर ठेवतें. एखादा प्रोग्राम अकस्मात शेंकडों फायली भराभर बदलूं लागला, तर त्याचें चित्र भिंतीवर नसलें तरी त्यास अडवावें, हें कोणीही शहाणा शिपाई जाणतो. पहिली रीत रोजच्या नव्या यादीवांचून लंगडी पडते. म्हणून वर्गणी संपलेलें अँटीव्हायरस वर्षानुवर्षें तसेंच ठेवणें, म्हणजे जुन्या चोरांचीं चित्रें उराशीं धरून दारांत बसणें होय.

आतां निवडीविषयीं आमचें मत स्पष्ट सांगतों. २०१२ सालीं आलेल्या विंडोज ८ पासून 'डिफेंडर' हा राखणदार विंडोजबरोबरच येतो; त्यास निराळी किंमत पडत नाहीं. सामान्य घरास तो पुरेसा आहे, मात्र त्यास जागें ठेविलें पाहिजे. ज्यांस दुसरें घ्यावयाचें असेल त्यांनीं दुकानदाराच्या शिफारशीवर न विसंबतां, जर्मनींतील माग्देबुर्गची 'एव्ही-टेस्ट' आणि ऑस्ट्रियांतील इन्सब्रुकची 'एव्ही-कंपॅरेटिव्ह्ज' या परीक्षकसंस्थांचे निकाल पाहावे. एकाच वेळीं दोन राखणदार मात्र ठेवूं नयेत. ते चोर सोडून एकमेकांवरच संशय घेतात आणि संगणक रखडतो. फुकट मिळणाऱ्याचीही चौकशी करावी. 'अव्हास्ट' या नामांकित कंपनीवर, लोक इंटरनेटवर काय काय पाहतात याची माहिती जमवून विकल्याचा आरोप आला, आणि २०२४ सालीं अमेरिकेच्या व्यापार आयोगानें तिच्याकडून १ कोटी ६५ लाख डॉलर भरून घेण्याचें ठरविलें. आणि एखादें पान वाचीत असतां "तुमच्या संगणकांत पांच व्हायरस सांपडले, हें बटण दाबा" अशी आरोळी उठली, तर ती राखणदाराची नव्हे, चोराचीच आहे असें समजून तें पान बंद करावें.

राखणदाराइतकीच भिंतही मजबूत हवी. १२ मे २०१७ रोजीं 'वॉनाक्राय' नांवाचा खंडणीखोर प्रोग्राम जगभर पसरला. इंग्लंडांतील रुग्णालयांस रुग्णांच्या भेटी रद्द कराव्या लागल्या. ज्या भगदाडांतून तो शिरला, तें बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनें मार्च महिन्यांतच, म्हणजे सुमारें दोन महिने आधीं, दिलेली होती! ती बसविण्याचा आळस ज्यांनीं केला त्यांचीं दारें उघडीं राहिलीं. विंडोज १० चा नेहमींचा दुरुस्तीपुरवठा १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला, हेंही पालकांनीं या ठिकाणीं लक्षांत घ्यावें.

"आमच्या संगणकांत चोरण्याजोगें आहेच काय?" असें म्हणणारे गृहस्थ आम्हांस नेहमीं भेटतात. त्यांच्याच संगणकावर बँकेचा व्यवहार चालतो आणि मुलांचे दाखलेही तेथेंच असतात. शिवाय कोणी फोनवरून गोड बोलून ओटीपी मागितला आणि आपण तो सांगितला, तर तेथें कोणतेंही अँटीव्हायरस कामास येत नाहीं. कारण दार आपणच उघडलें. पैसे गेलेच तर रडत न बसतां १९३० या सरकारी क्रमांकावर तत्काळ कळवावें. संगणकांत कांहीं शिरल्याचा संशय असेल, तर भारत सरकारच्या 'सायबर स्वच्छता केंद्रा'चीं साधनें २०१७ पासून मोफत मिळतात.

पालकांपाशीं आमची मागणी एवढीच कीं, मुलास संगणकावर निराळें, मर्यादित अधिकारांचें खातें करून द्यावें; सर्वाधिकाराचा परवलीचा शब्द वडील मंडळींपाशीं असावा. आणि "माझ्याकडून चूक झाली" असें सांगत मूल आलें, तर त्या दिवशींचा राग दुसऱ्या दिवसावर ढकलावा. त्या घटकेस संगणकाचें रक्षण त्या मुलाच्या जिभेवर अवलंबून असतें.

आमच्या पुतण्यानें त्यानंतर स्वतः होऊन एक काम अंगावर घेतलें आहे. दर रविवारीं सकाळीं तो बाहेरची एक हार्डडिस्क संगणकास जोडतो, सर्व फायलींची प्रत घेतो, आणि काम संपतांच ती काढून ठेवतो. कारण जोडलेली राहिली तर खंडणीखोर तीही बळकावील, हें त्यास आतां ठाऊक आहे. डिस्क आजीच्या कपाटांत असते, आणि किल्ली आजीच्या कमरेस.