झुलता पूल म्हणजे झोका नव्हे

आपल्या नगरच्या भुईकोट किल्ल्याभोवती मोठा खंदक आहे. त्यावर इंग्रजांच्या काळातला लोखंडी झुलता पूल आहे. अशा पुलाला मध्ये खांब नसतो. दोन्ही काठांवर उंच खांब उभारतात, त्यांवरून साखळ्या किंवा तारा नेऊन टोके जमिनीत पक्की करतात. त्यांना पायवाट टांगतात. दोरीवर ओले धुणे टाकले की दोरी खुंट्यांना ओढते ना, तसेच हे!

असा पूल हलतो, म्हणून काही पोरे त्यावर मुद्दाम उड्या मारतात. हे मला पटत नाही. १८३१ साली इंग्लंडात ब्रॉटन येथे सैनिक एका तालात चालले अन् झुलता पूल कोसळला. २०२२ साली गुजरातेत मोरबीचा पूल तुटून १३५ माणसे दगावली. तारा गंजलेल्या, गर्दी अफाट!

कोणी म्हणेल, जुने पूल पाडून टाका. मी म्हणतो, जपा. एका वेळी किती माणसे जावीत याची पाटी लावा, मोजायला माणूस ठेवा, गंज दरसाल तपासा. आपणही उड्या न मारता, रांगेने, सावकाश जाऊ या.

– इयत्ता सातवीतील एक विद्यार्थी