आधी विचारा, मग उपटा

लेकीच्या नाहीतर सुनेच्या बाळंतपणासाठी एप्रिलमध्ये अमेरिकेला येणाऱ्या आयांना घराच्या कडेला एक चमत्कारिक गोष्ट दिसते. बर्फ नुकताच गेलेला असतो आणि मातीतून तांबडे, किरमिजी कोंब वर आलेले असतात. नव्या घरात राहायला आलेल्या आपल्या मंडळींना ते तण वाटतं. मग रविवारी फावडं निघतं. मैत्रिणींनो, ती पिओनी असते. इंडियानाचं हे १९५७ पासूनचं राज्यफूल. एकदा रुजली की पन्नास वर्षं सहज जगते. घर चार वेळा विकलं जातं, मालक बदलतात, पिओनी आपली तिथेच!

या फुलाचं इथल्या बायकांशी नातं सणाचं आहे, आणि तो सण दुःखाचा आहे. मेमोरियल डेला कबरींवर फुलं वाहायची, तीही अंगणातली, ही मिडवेस्टची जुनी रीत. पूर्वी हा दिवस ठरलेला असे, ३० मे. १९७१ पासून तो मेचा शेवटचा सोमवार झाला, म्हणजे कधीकधी थेट २५ तारखेलाच येतो. कायदा करणाऱ्यांना सलग सुटी मिळाली, पण पिओनीला कोण सांगणार? वसंत थंड गेला की आजीच्या काळातल्या जातींच्या कळ्या त्या सोमवारी मिटलेल्याच राहतात. मी ज्या वृद्धाश्रमात जाते तिथे मेच्या मध्यावर हाच विषय असतो. दुकानात फुलं मिळतात हो, पण नवऱ्याच्या कबरीवर विकतची फुलं न्यायची म्हणजे त्या बायांना कमीपणा वाटतो. आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. गौरीला परसातली फुलं वाहण्यात जे समाधान असतं, तेच हे.

म्हणून लवकर फुलणाऱ्या जाती हव्यात. शेपूसारख्या बारीक पानांची तर सगळ्यांच्या आधी फुलते. ‘रेड चार्म’ १९४४ ची, ‘कोरल चार्म’ १९६४ ची, दोन्ही संकरित. न्यूयॉर्क राज्यातल्या हॅमिल्टन कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या साँडर्स यांनी असे कितीतरी संकर केले. १९५३ मध्ये ते गेल्यावर रोपवाटिका त्यांच्या मुलीने, सिल्व्हियाने चालवली. (नाव मात्र बापाचंच जास्त घेतलं जातं, ते एक असोच.)

लवकर फुलणारीला धोकाही लवकर. आपल्याकडे निफाडला पारा घसरला की द्राक्षबागेत शेकोट्या पेटतात, इथे बायका जुन्या चादरी काढतात. नुसता कोंब थंडीला भीत नाही. पहाटे दव गोठलं की तो मान टाकतो, बघून जीव गलबलतो, पण हात लावायचा नाही. ऊन वर आलं की आपोआप ताठ होतो. जपायचं ते कळी वाटाण्याएवढी असताना. तेव्हा कडक थंडीची रात्र आली तर कळी आतूनच काळी पडते आणि त्या वर्षाचं फूल गेलं. २०२० साली ९ मेच्या सुमारास इकडे अशीच थंडी पडली होती. संध्याकाळी चादर किंवा उपडी बादली घालायची, सकाळी आठवणीने काढायची. प्लास्टिक पानांना टेकू द्यायचं नाही. पाणी बुंध्याशीच घालायचं, कारण थंड, ओलसर हवेत राखाडी बुरशी धरते. कळ्यांवर मुंग्या दिसतील, त्यांना मारू नका. त्या मधासाठी येतात, त्यांचा काही त्रास नाही.

आणि वसंत उबदार निघाला, फुलं आधीच आली, तर? कळी बोटाने दाबून मऊ लागली की देठासकट कापायची, वर्तमानपत्रात गुंडाळून फ्रिजमध्ये कोरडीच ठेवायची. दोन आठवडे सहज टिकते. त्या दिवशी पाण्यात ठेवली की उमलते. फ्रिजमध्ये कोथिंबिरीच्या जुडीशेजारी तेवढी जागा निघते.

तेव्हा मुलांच्या अंगणात ते तांबडे कोंब दिसले तर आधी शेजारच्या म्हातारीला विचारा, हे कुणी लावलं होतं म्हणून. हलवायचीच असेल तर सप्टेंबरपर्यंत थांबा, आणि मुळावरचे डोळे दोन इंचांहून खोल पुरू नका. खोल पुरली तर पानं येतात, फूल येत नाही.