तळाशी अडकलेली ठेव

बँकेतल्या नोकरीने मला एक गोष्ट शिकवली. पैसा तिजोरीत नुसता पडून राहिला, तर बाजाराचा गाडा चालत नाही. तो फिरावा लागतो. पाण्याचेही तसेच आहे. आफ्रिकेतले टांगानिका सरोवर त्याची साक्ष देते.

टांझानिया, काँगो, बुरुंडी आणि झांबिया या चार देशांच्या मधले हे सरोवर सुमारे १४७० मीटर खोल आहे. खालच्या थंड, जड पाण्यात पोषकद्रव्यांची मोठी ठेव साठलेली असते. मे ते सप्टेंबर दक्षिणेचा वारा सुटतो, पाणी घुसळतो आणि त्यातली थोडी वर आणतो. त्यावर शेवाळ वाढते, शेवाळावर सूक्ष्म जीव, त्यांवर ‘डागा’ ही बोटभर मासळी आणि मासळीवर गरिबाचे जेवण.

हवा तापली, तसे वरचे पाणी अधिक ऊबदार आणि हलके झाले. ते झाकणासारखे बसले, घुसळण मंदावली. २००३ साली शास्त्रज्ञांनी हे दाखवून दिले. पुढे २०१६ साली तळाच्या गाळाच्या अभ्यासातून कळले, की मासळीची घट मोठ्या व्यापारी मासेमारीच्या आधीच सुरू झाली होती.

म्हणून कोळ्यांना नुसते ‘जाळी आवरा’ म्हणणे मला पटत नाही. जाळी आवरावीतच, पण धुराची उधारी केली श्रीमंत देशांनी आणि वसुली चालली आहे कोळ्याच्या ताटातून. जो कर्जदार नाही, जामीनही नाही, त्याच्याकडून वसुली? आमच्या बँकेत असले खाते कुणी उघडूच दिले नसते!