परत घेणे म्हणजे उपकार नव्हे



‘कंपनीची पॉलिसीच तशी आहे हो गुरुजी!’ हे वाक्य हल्ली मी फार ऐकतो. पूर्वी दुकानात पाटी असायची, ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ आता पाटी गेली आणि पॉलिसी आली. अर्थ तोच. वाईट याचे वाटते की चांगली शिकलेली माणसेसुद्धा पॉलिसी म्हणजेच कायदा असे समजून गप्प बसतात. माझे भांडण आज त्या गप्प बसण्याशी आहे.

निमित्त झाले नात्यातल्या एका मुलीचे. ती नांदेडला शिकते. वडिलांनी हळदीच्या पट्टीतून बेचाळीस हजार बाजूला काढून तिला ऑनलाइन लॅपटॉप घेऊन दिला. चौथ्या दिवशी पडद्यावर रेघा उमटू लागल्या, मग तो मधेच बंद पडू लागला. तिने लगेच तक्रार केली. उत्तर आले, आधी सर्व्हिस सेंटरचा दाखला आणा. सेंटरने दाखला द्यायला नऊ दिवस लावले. तो पाठवला तर म्हणे, परत करण्याची मुदत सात दिवसांची होती, ती संपली. आता फक्त दुरुस्ती करून मिळेल. म्हणजे चौथ्या दिवशीची तक्रार धरायची नाही, आणि यांनीच मागितलेल्या कागदाला लागलेले दिवस मात्र मुलीच्या खात्यावर मांडायचे! चौथीच्या पोराने वहीत असा हिशेब केला असता तर मी त्याला फळ्यापाशी उभे करून पुन्हा करायला लावला असता. घरचे म्हणतात, जाऊ द्या, कुठे नादी लागता. मी म्हणतो, का जाऊ द्यायचे?

आता कायदा काय म्हणतो ते बघा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा, लागू झाला २० जुलै २०२० पासून. सदोष माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणे ही त्यात ‘अनुचित व्यापारी प्रथा’ ठरवली आहे. बिलावर मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत, लिहिली नसेल तर तीस दिवसांत पैसे परत करायचे. त्याच जुलै महिन्यात ऑनलाइन व्यापारासाठी वेगळे नियम आले. त्यांत तर स्पष्टच आहे की वस्तू सदोष असेल, बनावट असेल, जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसेल किंवा कबूल केलेल्या वेळेनंतर आली असेल, तर विक्रेत्याला ती परत घेण्यास वा पैसे देण्यास नकार देता येत नाही. संकेतस्थळाने तक्रार अधिकारी नेमायचा, त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचे. ‘आम्ही फक्त बाजार भरवतो, माल दुसऱ्याचा’ असे म्हणून हात झटकणाऱ्यांनाही त्या विक्रेत्याचे नाव-पत्ता ग्राहकाला दाखवावाच लागतो.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. ‘रंग आवडला नाही’, ‘मन बदलले’ म्हणून वस्तू परत करण्याचा हक्क आपल्या कायद्याने दिलेला नाही. तिथे कंपनीची पॉलिसीच चालते. युरोपात तसा हक्क आहे. २०११ च्या निर्देशानुसार तिथे दुरून मागवलेली बहुतेक वस्तू चौदा दिवसांत काहीही कारण न सांगता परत करता येते. मला ते योग्य वाटते, आणि का वाटते ते आपल्याच बाजारातल्या उदाहरणाने सांगतो.

वसमतच्या किंवा हिंगोलीच्या मोंढ्यात हळद विकायला न्या. व्यापारी पोत्यात हात घालतो, हळकुंड मोडून बघतो, ओल आहे का पाहतो आणि मग बोली बोलतो. मनात आले नाही तर पुढच्या ढिगाकडे जातो. त्याला कोणी नावे ठेवत नाही, कारण घेणाऱ्याने आधी पारखायचे असते. तोच शेतकरी ऑनलाइन लॅपटॉप घेतो तेव्हा आधी पैसे मोजतो आणि नंतर वस्तू बघतो. हळकुंड मोडून बघायची संधी त्याला मिळतच नाही. मग परत करण्याचा हक्क म्हणजे ती हुकलेली पारखच ना? त्यात उपकार कसला!

यावर आमचे एक स्नेही म्हणतात, ‘लोक फार लबाडी करतात. लॅपटॉप आठवडाभर वापरतात आणि परत करतात.’ करतात, नाही कोण म्हणतो? तसे करणारा ग्राहक चोरच, आणि त्याच्यामुळे खऱ्या तक्रारदाराकडेही संशयाने बघितले जाते. पण कॉपी करणारी चार पोरे सापडली म्हणून आम्ही सगळ्या वर्गाचा पेपर कधी रद्द केला नाही. लबाडी दुसऱ्या बाजूनेही होतेच की. ऑक्टोबर २०२२ मध्ये मंगळूरच्या एका ग्राहकाला ऑनलाइन मागवलेल्या लॅपटॉपच्या खोक्यात दगड मिळाला होता. म्हणून सगळेच व्यापारी लबाड असे आपण म्हणतो का?

दुसरी सबब कोर्टकचेरीची. ‘मुंबई-बंगळूरच्या कंपनीशी वारंगा फाट्यावरून कोण भांडणार?’ तर मंडळी, २०१९ च्या कायद्याने हीच अडचण दूर केली आहे. ग्राहक जिथे राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील लावलाच पाहिजे असे नाही, आणि सुनावणी व्हिडिओवरून मागता येते. तक्रारीला मुदत दोन वर्षांची आहे. कंपनीचे सात दिवस संपले म्हणून हक्क संपत नाही! झेरॉक्सचे दुकान चालवून स्वतःचे पोट भरणाऱ्यालाही कायदा ग्राहकच मानतो. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. ती हेल्पलाइन हुकूम देत नाही, मध्यस्थी करते. तिथे भागले नाही तर आयोग आहेच. आमची तक्रार सध्या १९१५ वर आहे, पैसे अजून आलेले नाहीत. नाही आले तर मी त्या मुलीबरोबर हिंगोलीला जाणार आहे.

तुम्ही एवढे करा. खोके उघडताना मोबाईलवर चित्रण ठेवा. कायद्यात तशी अट नाही, पण पुरावा म्हणून उपयोग होतो. दोष दिसला त्याच दिवशी ईमेलने कळवा, नुसत्या फोनवर विसंबू नका. दुरुस्ती नको असेल तर पैसे परत हवेत असे लेखी मागा. बिल जपा.

हे हक्क आपल्याला कोणी दयेने दिलेले नाहीत. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली, तेव्हा ‘ग्राहकाला कसले हक्क?’ असे विचारणारेच जास्त होते. पहिला कायदा यायला १९८६ उजाडले. एवढ्या खटपटीने मिळालेली गोष्ट आपण ‘जाऊ द्या’ म्हणून सोडून देतो, आणि म्हणूनच पाटी पुसली तरी वाक्य तेच राहते.

असो. पटले तर घरातल्या कॉलेजच्या पोरांना वाचून दाखवा. नाही पटले तर भांडायला मी आहेच. फाट्यावर या, इथली खिचडी खात भांडू.