फोटोतले कपडे कुणाचे?

'एक नूर आदमी, दस नूर कपडा' ही म्हण आपल्याकडे इतकी रुळली आहे की, तिच्यात माणसाच्या वाट्याला एकच नूर आला आणि कपड्याच्या वाट्याला दहा, याचे आपल्याला काही वाटेनासे झाले आहे. एरवी ही म्हण लग्नसराईत किंवा मुलाखतीला जाताना आठवते. पण तिची खरी सत्ता पाहायची असेल तर ज्या घरी सगळ्या कुटुंबाचा एकत्र फोटो काढायचे ठरले आहे, तिथे आठ दिवस मुक्काम करावा. फोटो कधी काढायचा, कुठे काढायचा, हे प्रश्न एका संध्याकाळी सुटतात. 'घालायचे काय?' या प्रश्नावर मात्र घराचे दोन तट पडतात.

विषय क्षुल्लक आहे, असे काही मित्रांना वाटेल. देशापुढे एवढे प्रश्न उभे असताना हा कपड्यांच्या रंगात काय गुंतला आहे, अशी शंका गुरुजनांनाही येईल. पण आमच्यासारख्या शेतकरी घरांचा इतिहास कुणी लिहीत नाही. आमच्याकडे रोजनिशी नाही, जपून ठेवलेला पत्रव्यवहार नाही; आत्मचरित्राचे तर नावच नको. पिढी मागे पडली की तिचे दोनच कागद उरतात : तलाठ्याकडचा सातबारा आणि भिंतीवरचा फोटो. जमीन कुणाची होती ते सातबारा सांगतो. माणसे कशी होती ते फोटोने सांगायचे असते. सातबाऱ्यावर खोटी नोंद झाली तर आपण तहसील कचेरीचे उंबरे झिजवतो. फोटोतली खोटी नोंद मात्र आपण पैसे देऊन, हसत हसत करून घेतो!

हल्लीची रीत अशी आहे. फोटोग्राफर आधी मोबाईलवर नमुन्याचे फोटो पाठवतो. त्यांत सगळे कुटुंब एकाच रंगात न्हालेले असते. पुरुषांना अबोली कुर्ते, बायकांना अबोली साड्या, तान्ह्या मुलालाही त्याच कापडाचे झबले. याला 'थीम' म्हणतात. आजोबा, नातू, सासू, सून, सगळे एकाच ताग्यातून फाडल्यासारखे दिसतात. फोटो कोल्हापूरचा की कानपूरचा, शेतकऱ्याचा की सराफाचा, याचा पत्ता लागत नाही.

फोटोग्राफरच्या सगळ्याच सूचना टाकाऊ असतात असे मात्र नाही. बारीक चौकड्यांचा किंवा बारीक रेघांचा शर्ट डिजिटल कॅमेऱ्यात नसत्या लहरी उमटवतो. उन्हात भडक पोपटी कपडा घातला तर त्याची छटा हनुवटीवर पडते. पांढरेशुभ्र धोतर आणि काळा कोट शेजारी आले की दोन्हींच्या चुण्या एकाच वेळी टिपणे यंत्राला जड जाते. ही कारागिराची अडचण आहे आणि तिथे कारागिराचे ऐकावे. जुन्या काळी तर यंत्राची मिजास याहून मोठी होती. १८३९ साली फ्रान्समध्ये दागेरची पद्धत जाहीर झाली तेव्हा एका चित्रासाठी काही मिनिटे स्तब्ध राहावे लागे. पुढच्या काळातल्या काचेच्या प्लेटींना तांबडा रंग जवळजवळ दिसतच नसे. म्हणून जुन्या फोटोंत पणजीचे ठसठशीत कुंकू काळे दिसते आणि लुगडे हिरवे होते की तांबडे ते ओळखू येत नाही. पण त्या यंत्राने रंग खाल्ला, माणूस खाल्ला नाही. लुगड्याचा काठ, पागोट्याचा पीळ, गळ्यातली पुतळ्यांची माळ यांवरून घर ओळखता येई. आजचे यंत्र लाखो छटा टिपते आणि आपण त्याच्यापुढे एकच रंग घेऊन बसतो!

एकरंगी पोशाखाच्या बाजूने एक मुद्दा मात्र वजनदार आहे. आमच्या घरात तो धाकट्या चुलत्यांनी, म्हणजे आण्णांनी मांडला. ते म्हणाले, "शाळेत गणवेश कशाला असतो? मुंबईच्या भावाचं पोरगं आणि गावच्या भावाचं पोरगं एका रांगेत उभं राहिलं, तर कपड्यावरनं कमी-जास्त कळू नये म्हणून." बोलणे खरे आहे. आमचे थोरले चुलते मुंबईत, आण्णा शिरवळच्या कारखान्यात आणि माझे वडील भोंगवलीत शेतीवर. तिघांची तीन प्राप्ती. फोटोत तिघे सारखे दिसावेत ही आण्णांची इच्छा मायेतून आलेली आहे. पण या समतेत एक गफलत आहे. कपडा सारखा झाला, खर्च सारखा वाटला, कमाई मात्र सारखी नाही. आण्णांचा पगार महिन्याच्या महिन्याला येतो, वडिलांचा पैसा सुगीला येतो. ऐन पावसाळ्याच्या तोंडी आमच्या चौघांच्या अबोली कपड्यांचे पैसे बियाण्याच्या पैशांतूनच काढावे लागणार. आणि त्या कुर्त्यात पुढे काही म्हशीची धार काढता येत नाही. एका दिवसानंतर तो कपाटाचा धनी. भावाभावांतली दरी झाकण्यासाठी जो कपडा आणायचा, त्याचा भार गरीब भावावरच जास्त पडावा, ही कसली समता?

पण पैशाचा प्रश्न दुय्यम आहे. मुख्य प्रश्न आमच्या आजोबांच्या फोटोकडे पाहिले की कळतो. ते हयात असताना त्यांचा असा स्वतंत्र फोटो कुणी काढला नाही. ते गेल्यावर मतदार ओळखपत्रावरचा चेहरा तालुक्याच्या गावी एका दुकानातून मोठा करून आणला. दुकानदाराने संगणकावर त्यांना निळा कोट चढवला, वर तांबडा टाय लावला. डोक्यावरची टोपी तेवढी राहिली. आजोबांनी उभ्या जन्मात धोतर, पैरण आणि टोपी यांखेरीज काही अंगाला लावले नाही. आता आमचा सहा वर्षांचा चुलतभाऊ त्या फोटोकडे बोट दाखवून विचारतो, "आजोबा कुठल्या हापिसात होते?" दुकानदाराचा हेतू वाईट नव्हता. मेलेल्या माणसाचा मान राखायचा म्हणजे त्याला कोट द्यायचा, अशी त्याची समजूत. पण ज्या धोतराने चाळीस पावसाळे चिखलात काढले, ते मान द्यायच्या लायकीचे नाही, असा त्याचा अर्थ होतो. हा अर्थ मला मान्य नाही.

यंदाचा फोटो काढायचा तो खरे म्हणजे आजीसाठी. तिने पंच्याहत्तरी ओलांडली आहे. यादी तयार झाली तेव्हा घरातल्या सगळ्या बायकांच्या नावापुढे अबोली साडी होती आणि आजीच्या नावापुढे फिकट राखी पातळ. हे कुणी सुचवले म्हणाल, तर कुणीच नाही. ते आपोआपच तसे लिहिले गेले. सगळ्यांना एक रंग द्यायला निघालेल्या थीमनेही विधवेला वेगळे काढलेच! रीत नवी, पण वगळायची सवय जुनी. आजीला विचारले तेव्हा ती म्हणाली, "मला काय इचारता? तुमी द्याल त्ये नेसंन." मग दोन दिवसांनी भाकरी थापता थापता आईला म्हणाली, "माझ्या टरंकंत डाळिंबी इरकल हाय. थोरल्याच्या लग्नात घेतल्याली. त्ये गेल्यापास्नं घडी मोडली न्हाई." ती नेसू का, असे तिने विचारले नाही. विचारायची सवयच तिला आपण ठेवलेली नाही. काकींनी लगेच शंका काढली, "भावकी काय म्हणंल?"

भावकी काय म्हणेल याचे एक उत्तर आपल्याच राज्यातल्या एका गावाने देऊन ठेवले आहे. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामस्थांनी मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. पती गेल्यावर बाईचे कुंकू पुसायचे, बांगड्या फोडायच्या, मंगळसूत्र तोडायचे, जोडवी काढायची, हे यापुढे नाही, असे गावाने ठरवले. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीही हेरवाडचा कित्ता गिरवावा, असे आवाहन केले. ठराव होतो चावडीवर. त्याची परीक्षा मात्र अशा एखाद्या ट्रंकेपाशी होते. गावाने परवानगी दिली आणि घराने राखी पातळ पुढे केले, तर त्या ठरावाचा उपयोग काय?

आपल्या महाराष्ट्रात कपडा हा कधी नुसता कपडा नव्हता. १८८८ साली पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ मोठी मेजवानी झाली, तेव्हा जोतीराव फुले तिथे शेतकऱ्याच्या वेशात गेले. डॉ. आनंदीबाई जोशी शिकण्यासाठी पेनसिल्व्हेनियात असताना १८८५ च्या ऑक्टोबरात त्यांचा एक जपानी आणि एक सिरियन विद्यार्थिनीबरोबर फोटो काढला गेला. तिघीही आपापल्या देशाच्या पोशाखात आहेत आणि आनंदीबाई साडीत आहेत. उलट, डिसेंबर १९२७ मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना सांगितले की, अस्पृश्यतेची खूण म्हणून ओळखली जाणारी लुगडे नेसण्याची पद्धत आणि ते जड दागिने टाकून द्या. वरवर पाहता ही उदाहरणे एकमेकांच्या विरुद्ध वाटतात. एकाने साधा वेश मुद्दाम घातला, दुसऱ्याने जुना वेश मुद्दाम टाकायला सांगितले. पण तत्त्व एकच आहे : माझ्या अंगावर काय असावे हे दुसऱ्याने ठरवायचे नाही.

म्हणूनच, सगळ्यांनी पारंपरिक पोशाखच करावा, असेही मी म्हणणार नाही. फेटे आता भाड्याने मिळतात, नऊवारी शिवून मिळते. वर्षभर ज्या सुनेने नऊवारीला हात लावला नाही तिला फोटोपुरती ती चढवली, तर तीही थीमच झाली. रंग अबोली नाही एवढेच. माझी बहीण पोलीस भरतीची तयारी करते. रोज पहाटे ती रस्त्यावर धावते. फोटोत ट्रॅकसूट घालते म्हणाली तेव्हा सगळे हसले. मी म्हणतो, घालू द्या! आजीची इरकल आणि बहिणीचा ट्रॅकसूट शेजारी शेजारी आले, तर आमच्या घरात दोन पिढ्यांत काय घडले ते दुसऱ्या कुणी सांगायची गरज उरणार नाही.

बाबासाहेबांच्या कुटुंबाचा फेब्रुवारी १९३४ मध्ये राजगृहात काढलेला फोटो पुष्कळांनी पाहिला असेल. त्यात रमाबाई आहेत, मुलगा यशवंत आहे, वहिनी लक्ष्मीबाई आहेत, पुतण्या मुकुंद आहे आणि टॉबी हा लाडका कुत्राही आहे. कुटुंबाचा फोटो म्हणजे जे घरात आहेत ते सगळे, आणि ते जसे आहेत तसे. एवढीच त्याची व्याख्या मला पुरेशी वाटते.

तेव्हा मित्रहो, घरी फोटोची गोष्ट निघाली तर माझे चार शब्द ध्यानात ठेवा. नवे कपडे घेण्याआधी घरातली पेटी उघडा. घरात जे सर्वांत कमी बोलतात त्यांना आधी विचारा, आणि "तुम्ही द्याल ते" असे उत्तर आले तर दोन दिवस थांबून पुन्हा विचारा. उजेड आणि रेघा यांपुरते फोटोग्राफरचे ऐका, त्यापुढे नाही. फोटो आल्यावर मागच्या बाजूला तारीख, गाव आणि प्रत्येकाचे नाव लिहा. बायकांचीही नावे लिहा. 'अमक्याची आई', 'तमक्याची सून' एवढ्यावर भागवू नका.