अडली आहे ती सही

विद्यापीठं बुडाली ती स्वायत्ततेच्या लाडाने, असा शोध एका जाणत्या गृहस्थांनी नुकताच लावला आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: पगार सरकार देतं, तेव्हा लगामही सरकारच्याच हाती हवा, प्राध्यापकांना कारभार जमत नाही, अधिसभा म्हणजे निव्वळ गोंधळ, निकाल वेळेवर लागत नाहीत. सबब कुलगुरूंनी व्याख्यानं द्यावीत आणि कारभार एखाद्या खमक्या सनदी अधिकाऱ्याने पाहावा. गृहस्थांची हयात मंत्रालयात गेली असल्यामुळे खमके लोक कुठे मिळतात, हे त्यांना शोधावं लागलं नाही.

किरकोळ मुद्दे आधी उरकू. अधिसभेत गोंधळ होतो, हे खरं. विधानसभेतही होतो, म्हणून तिचा कारभार कोणी जिल्हाधिकाऱ्याकडे देत नाही. निकालांचं म्हणाल, तर 2017 मध्ये मुंबईत ऑनस्क्रीन मूल्यांकनाचा जो फज्जा उडाला तो विद्यापीठाचाच होता. पण त्याच वर्षी कुलपतींनी कुलगुरूंना पदावरून दूर केलं, आणि तेही असलेल्या कायद्याच्या आधारे. त्यासाठी नवा खमका नेमावा लागला नाही.

आता मूळ मुद्दा. लगाम सरकारच्या हाती नाही, हे या गृहस्थांना कोणी सांगितलं? महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 त्यांनी एकदा चाळावा. कलम 8 सांगतं, शासनाच्या पूर्वमान्यतेशिवाय विद्यापीठाला शिक्षकाचं, अधिकाऱ्याचं वा कर्मचाऱ्याचं एकही नवं पद निर्माण करता येत नाही, वेतन-भत्त्यांत बदल करता येत नाही. नवं महाविद्यालय काढायचं तर छाननी आणि शिफारस विद्यापीठाची, अंतिम मान्यता शासनाची. व्यवस्थापन परिषदेत उच्च शिक्षण संचालक किंवा त्यांचा प्रतिनिधी बसतोच, अधिसभेत आमदारही असतात. एवढ्या बंदोबस्तात स्वायत्तता शिरली कुठून, हेच एक कोडं आहे.

नवं पद राहू द्या, मंजूर पद भरायचं तरी काय होतं ते पाहा. एक प्राध्यापक निवृत्त होतो. त्याची निवृत्तीची तारीख तो नोकरीला लागला त्या दिवसापासून सगळ्यांना ठाऊक असते. तरीही जागा भरायची तर प्रस्ताव हवा. प्रस्तावाला बिंदुनामावली तपासलेली हवी. ते रास्तच आहे, आणि तिथे विद्यापीठांनी स्वतः केलेली दिरंगाई माफ करण्यासारखी नाही. पुढे फाइल पुण्याच्या संचालनालयात जाते, तिथून मंत्रालयात, तिथून वित्त विभागात. वाटेत कुठेतरी ‘त्रुटींची पूर्तता करून प्रस्ताव फेरसादर करावा’ असा शेरा पडतो. पूर्तता होते. तोवर आकृतिबंधाचा फेरआढावा निघतो. तो संपतो न संपतो तोच भरतीवर निर्बंध येतात. 25 मे 2017 च्या शासन निर्णयाने ते आले, 4 मे 2020 च्या निर्णयाने पुन्हा आले. दुसऱ्या वेळी महामारी होती, हे मान्य. पहिल्या वेळी काय होतं?

दरम्यान विभागात मुलं बसलेली असतात. त्यांना शिकवायला तासिका तत्त्वावर किंवा कंत्राटी करारावर कोणीतरी नेमावं लागतं, आणि त्याचं मानधन विद्यापीठ स्वनिधीतून देतं. स्वनिधी कुठून येतो? मुख्यतः परीक्षा शुल्कातून आणि संलग्नता शुल्कातून. म्हणजे शासनमान्य पदावर सरकारने माणूस द्यायचा नाही, आणि त्या जागेवरच्या माणसाचा खर्च दूरच्या तालुक्यातल्या विद्यार्थ्याने परीक्षा अर्ज भरताना सोसायचा. वर ऐकायचं काय, तर पगार सरकार देतं! राष्ट्रीय क्रमवारीत विद्यार्थी-शिक्षक प्रमाणाला गुण असतात. जागा रिकाम्या राहिल्या की ते गुण जातात, क्रमांक घसरतो आणि मग विद्यापीठांना स्वायत्तता पेलवत नाही असे अग्रलेख येतात. जाब कोणाला विचारला जातो? ज्याच्याकडे पेन आहे पण सहीचा अधिकार नाही, त्याला.

हा वाद जुनाच आहे. 1904 च्या विद्यापीठ कायद्याने अधिसभा शंभर जणांवर आणली आणि मुंबईसारख्या जुन्या विद्यापीठांत त्यांतले वीसच निवडून येतील अशी तजवीज केली. तेव्हाही कारण कार्यक्षमतेचंच होतं. डिसेंबर 2021 मध्ये उच्च शिक्षणमंत्र्यांना प्र-कुलपती करणारं विधेयक विधिमंडळात मंजूर झालं. पुढच्या सरकारने ते मागे घेतलं. ज्यांनी ते आणलं त्यांनी त्याला सुधारणा म्हटलं, ज्यांनी विरोध केला त्यांना एकाएकी स्वायत्ततेचं प्रेम फुटलं. त्या प्रेमातून कलम 8 मात्र कोणाला आठवलं नाही. लगामाची हौस पक्ष पाहून येत नाही, खुर्ची पाहून येते.

मग करायचं काय? एकदा मंजूर झालेलं पद निवृत्तीमुळे रिकामं होणार असेल, तर नव्या परवानगीशिवाय सहा महिने आधी जाहिरात काढण्याचा अधिकार विद्यापीठाला द्यावा. नव्या पदाच्या प्रस्तावावर शासनाने नव्वद दिवसांत निर्णय द्यावा. न दिल्यास मान्यता गृहीत धरावी. याच्या बदल्यात विद्यापीठाने व्यवस्थापन परिषदेची इतिवृत्तं आणि स्वनिधीचा जमाखर्च दर तिमाहीला लोकांसमोर ठेवावा, आणि शासनाने त्याचं कठोर लेखापरीक्षण करावं. हिशेब मागावा तो काम झाल्यावर. काम अडवून नव्हे.

खमका अधिकारी नेमायचाच असेल तर जरूर नेमावा. पण तो विद्यापीठात नको, मंत्रालयातल्या त्या टेबलावर बसवा, जिथे फाइल थांबते.